सोडलेला घास

माय, आज कोंबडी मी शिजवतो आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत तीन विटांची चूल मांडलीय, खाली कपाशीची पऱ्हाटी पेटवलीय, वर रश्श्याचा गंज चढवलाय, गंजावर झाकण, झाकणात पाणी. बाजूला खाट टाकून तुला हे लिहायला बसलोय, कारण नुसतं बसवत नाही. सकाळपासून आभाळ भरलेलं आहे. ऊन असं नाहीच, आणि सातपुड्याकडून असा वारा सुटलाय की कानाच्या पाळ्या दुखतात. अशाच दिवशी तू कोंबडी करायचीस. मी तुझ्याशी ‘लिहितोय, बसलोय’ असं मास्तरासारखं बोलतोय याचं तुला हसू येईल. काय करू, तोंड अजून आपलंच आहे, पण हातात पेन आलं की हात शाळेत जातो.

कोंबडी काही शिजत नाही. सोनाळ्याकडचा, म्हणजे तुझ्या माहेरचाच एक गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन गॅरेजला येतो. त्याला सांगून ठेवलं होतं की गावरान आण, आणि कोवळी आण. त्यानं पाय बांधलेली कोंबडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, भाऊ, तलंग आहे, अजून अंड्यावर नाही आली. मी तिला कानाशी धरलं, आवाज ऐकला, छातीचं हाड चाचपलं आणि मान डोलावली. नांदुऱ्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टर नुसता गेला तरी त्याचा कोणता वॉल्व्ह बसलाय ते मी चहा पिता पिता सांगतो. लोक त्यासाठी लांबून येतात. आणि हा माणूस मला म्हातारी कोंबडी देऊन गेला. दुपारपासून चुलीवर आहे, अजून तिची तंगडी टायरसारखी उसळी मारते. तुझी सून येऊन पळीनं टोचून गेली आणि म्हणाली, “तलंग कायची, इनं पनतू पाह्यले आसन.” मी म्हटलं, मग आणखी दोन काड्या सार. ती म्हणाली, नाही, जाळ वाढवला तर नुसतं पाणी आटेल, हिला दमानंच घ्यावं लागेल. हे तुझंच वाक्य आहे. तिला ते आठवतही नसेल.

आता मी हे सगळं का करतोय ते सांगतो. मागच्या वर्षी माझी छाती उघडली. अकोल्याला नेलं होतं. एका मशीनवर डॉक्टरनं मला माझ्याच काळजाचा आवाज ऐकवला आणि मी त्याला म्हटलं की टायमिंग आउट आहे साहेब. तो हसला, पण त्याच्या हसण्यात काहीतरी कमी होतं, ते मला कळलं. ऑपरेशन झालं. बरं झालं. आता मी चालतो, गॅरेजला जाऊन खुर्चीवर बसतो, पोरांना ओरडतो. मीठ कमी, तेल कमी, मटण बंद; कोंबडी चालते म्हणाले, कातडी काढून. म्हणजे घरात कोंबडी होते, अधूनमधून. आणि काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की जेवताना एक आवाज येत नाही.

तुझी सून हाडं फोडून खाते हे तुला माहीत आहे. कट् करून दाताखाली हाड मोडायचं, मग सुर्रकन आतलं ओढायचं. लग्न होऊन आली तेव्हा मामा पंगतीत म्हणाला होता की या पोरीच्या पानाखाली कुत्र्याला काही मिळायचं नाही. तिच्या हातची भाकर, तिचा राग, तिची झोप, सगळ्यापेक्षा मला तो आवाज ओळखीचा. आणि तो बंद झाला होता. मी पहिल्यांदा विचारलं तर म्हणाली दाढ दुखते. दुसऱ्यांदा म्हणाली आज उपास आहे. वार पाहिला तर उपासाचा नव्हता. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. नुसता कान ठेवून राहिलो.

मग यंदा दिवाळीनंतर एका दुपारी मी पाण्याच्या टाकीमागे ऊन खात बसलो होतो. शेजारीण वाटीत कोंबडीचा रस्सा घेऊन आली. तुझ्या सुनेनं वाटी घेतली नाही. शेजारीण रुसली, म्हणाली आमच्या हातचं चालत नाही का आता. तेव्हा ही अगदी हळू बोलली, पण तेवढं हळू माझ्यासाठी पुरतं. “तसं नाही वं. सोडलं मी. त्याईच्या छातीसाठी. कोनाले सांगजो नोको, त्याईले त मुळीच नाही.” दवाखान्यात, मला आत नेल्यावर, बाहेरच्या बाकावर बसून तिनं सोडलं. जन्मभरासाठी. आणि शेजारणीनं विचारलं की हे तुला कोणी सांगितलं, तर म्हणाली, सांगायला कशाला पाहिजे, माझ्या सासूनं केलं होतं, ते चाललं ना.

ते चाललं, माय. मी टाकीमागे बसून होतो, जिवंत.

लहानपणीचा तो ताप मला आठवत नाही. मामानं सांगितलं तेवढंच, की मुदतीचा होता, मी डोळे फिरवले होते, आणि तू मला खांद्यावर टाकून मरीमायच्या ओट्यावर नेऊन ठेवलंस. लोक मरीमायला कोंबडा वाहतात. आपल्याकडं तेव्हा वाहायला कोंबडा नव्हता, की तुला तेवढ्यावर भागेल असं वाटलं नाही, मला माहीत नाही. तू कोंबडा वाहिला नाहीस, कोंबडी खाणंच वाहिलंस. आणि तुझ्यासारख्या बाईनं. सोनाळ्याला तू पोर असताना मानेच्या तुकड्यासाठी भावांना कुटायचीस, असं मामा स्वतःचा दंड चोळत सांगायचा.

मला हे काही ठाऊक नव्हतं. मी दुसरी-तिसरीत असेन. असाच गारठा आहे, तू चुलीपुढं उकिडवी बसून फुंकणीनं जाळ फुंकतेस, डोळ्यांत धूर गेलाय, म्हणून डोळे मिटलेत. माझ्या हातात वाटी आहे. मला वाटलं की ही सगळ्यांना वाढते आणि आपण कधीच खात नाही, म्हणून मी वाटीतला सगळ्यात चांगला तुकडा काढला आणि तू फुंकणी बाजूला केल्याबरोबर तुझ्या तोंडात घातला. तू असे दात आवळलेस की माझी बोटं दुखली. तुकडा राखेत पडला. तू पदरानं ओठ पुसले, पुन्हा पुसले, पाणी घेऊन चूळ भरली, आणि मग माझं मनगट धरून म्हणालीस, “मरायचं हाय काय तुले?” मला वाटलं तू मला शाप दिलास. मी गोठ्यामागे जाऊन बसलो. संध्याकाळी मामा शोधत आला आणि त्यानं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, तुझी माय तुला मारत नव्हती बे, येड्या, वाचवत होती.

त्या दिवसापासून मी तुला कोंबडी करताना पाहायला लागलो. म्हणजे ऐकायला लागलो. कारण तू गंजाकडं बघायचीच नाहीस. मसाला वाटून द्यायचीस, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, धने, दगडफूल, पाट्यावर असा वाटलेला की बोटाला खर लागू नये. फोडणी द्यायचीस. मीठ मुठीच्या अंदाजानं टाकायचीस. आणि एकदा झाकण पडलं की चुलीकडं पाठ करून बसायचीस, तांदूळ निवडत नाहीतर लसूण सोलत. वास तर येणारच, त्याला इलाज नव्हता, पण डोळ्यानं लालूच नको. तिथून तू सांगायचीस. आता पाणी नुसतंच नाचतंय, राहू दे. आता मसाला धरतोय. आता जाळ ओढ. मी एकदा विचारलं तुला कसं कळतं, तर म्हणालीस, “बोलते ते. आयक.” मी ऐकलं. पहिल्यांदा सगळं सारखंच वाटलं. मग हळूहळू कळायला लागलं की सुरुवातीचं उकळणं पोकळ असतं, रिकाम्या डब्यासारखं; मग रस्सा जड झाला की बुडबुडा उशिरा फुटतो; आणि तर्री वर आली की आवाज मऊ होतो, तेलाखालून येतो. पुढं मी गॅरेजला हेल्पर म्हणून लागलो तेव्हा उस्तादानं इंजिन सुरू करून मला विचारलं की काय ऐकू येतं. मी सांगितलं. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. तुला मी हे तेव्हाच सांगितलं होतं आणि तू म्हणालीस, बरं झालं, कोंबडी वाया नाही गेली.

फक्त चव तुला कळायची नाही. आधी त्यासाठी बाबा होते, ते सगळ्यालाच छान म्हणायचे, त्यांचा उपयोग नव्हता. मग सून आली. तू पळीतला रस्सा तिच्या तळहातावर टाकायचीस, ती चाटायची आणि सांगायची की मीठ चिमूटभर, नाहीतर आंबट काही टाका, नाहीतर काही नको. तू तिच्या तोंडाकडं बघत राहायचीस. ती सांगायच्या आधी तुला तिच्या चेहऱ्यावरून कळलेलं असायचं. एकदा मी थट्टा केली की सासूची जीभ सुनेच्या तोंडात आहे, तर दोघी मिळून माझ्यावर तुटून पडल्या.

आता उठून आलो. वरचं पाणी आटलं होतं, दुसरं घातलं. झाकण उघडलं तर तुझी सून लांबूनच ओरडली की वाफ सोडू नका, आणि धुरात तोंड घालू नका, डॉक्टरनं काय सांगितलंय. ती मागच्या दारात पायरीवर बसली आहे, चुलीकडं पाठ करून, लसूण सोलते आहे. रस्सा चुलीवर, मसाला त्यात कधीचा पडलेला, आता लसूण कशाला? मघाशी पळी घेऊन तिच्याकडं गेलो, म्हटलं, हात पुढं कर, मीठ सांग. ती म्हणाली सर्दी झालीय, तोंडाला चव नाही. माय, सर्दीचा आवाज मला कळतो. तिचं नाक माझ्या कार्बोरेटरपेक्षा मोकळं होतं. मग मीच चाखलं. पण वर्षभर अळणी खाऊन माझ्या जिभेला आता सगळंच खारट लागतं, त्यामुळं मीठ कसं आहे ते देवाला ठाऊक.

दुपारी लेकीचा फोन आला होता. तुझी नात पुण्याला असते. तिला मी सगळं सांगितलं होतं, आणि आज काय करणार तेही. ती अगदी माझ्या बाजूनं आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही आईला समोर बसवून स्पष्ट सांगा, औषधांनी बरे झालात तुम्ही, सर्जननं बरं केलं, तिच्या न खाण्यानं नाही. तिला प्रोटीन लागतं, रक्त कमी आहे तिचं. सगळं खरं. पुण्यात राहून तिचं ‘ले’चं ‘ला’ झालंय, ऐकताना मला उगाच चोरट्यासारखं वाटतं. शेवटी मी म्हटलं बघतो, तर चिडली आणि तिचं पुणं सुटलं: “बघतो नाही बाबा, आजच्या आज तिले म्हना, खा म्हनून. तुमचं ती आयकते.” तेच तर आहे. माझं ती ऐकते. मी ठरवलंय ते असं: कोंबडी मी करणार, ताट मी वाढणार, तिच्यापुढं ठेवणार आणि म्हणणार, हे सुटलं तुझं. खा. गिऱ्हाइकाला नवीन क्रँक टाकायला मी असा पटवतो की तो जाताना माझे आभार मानतो. बायकोला एक घास पटवायला काय लागतं. तरी सकाळपासून चारदा उठलो, चारदा बसलो, गेटपर्यंत जाऊन आलो, रस्त्यावर कोणी नाही. मालगाडी गेली, लांब, जड. मी नुसता डबे ऐकत उभा राहिलो. छातीवर हात गेला होता, तो खाली घेतला.

रस्सा आता मऊ बोलतोय. शिजली.

जेवण झालं. अंधार पडायला लागलाय, दिवा लावून लिहितोय.

तिनं भाकरी टाकल्या. मी दोन ताटं घेतली. तिच्या ताटात चांगले तुकडे वाढले, वर रस्सा, तर्री सगळी तिकडंच, कांदा फोडून ठेवला, लिंबू. तिच्यापुढं सरकवलं आणि म्हटलं, मला माहीत आहे. ती दचकेल असं वाटलं होतं. ती भाकर मोडत होती, ती मोडतच राहिली. म्हणाली, मालूम हाय मले. टाकीमागून तुमची चप्पल दिसत होती. म्हणजे इतके दिवस मला माहीत आहे हे तिला माहीत होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांसमोर दाढदुखी आणि सर्दी खेळत होतो. मला हसू आलं. तिलाही आलं. मी म्हटलं चला, आता सोपं झालं. मी सुरुवात केली, औषधं, डॉक्टर, तुझं रक्त, लेक काय म्हणते. चांगलं बोललो. ती ऐकत होती. मग तिनं हातातली भाकर खाली ठेवली.

“मी खाते,” ती म्हणाली. “हे सांगू नोका मले, औषधाचं. मी काही येडी नाही. मरीमायले मी सकाळी जाऊन सांगते, नारळ ठेवते. पन तुमी एकडाव तोंडानं म्हना. खा, मले काही होत नाही. इतकंच म्हना. मी आता खाते, तुमच्यासमोर.”

आणि तिनं तुकडा उचलला. उचलून धरला. माझ्याकडं बघत होती.

माय, वाक्य लहान होतं. मी तोंड उघडलं. छातीत आत कुठंतरी काहीतरी एकदा चुकलं, का मला तसं वाटलं, मी ऐकत बसलो, पुढचा ठोका येतो का, तो आला, मग त्याच्या पुढचा. ती वाट बघत होती. तिच्या बोटांवरून रस्सा मनगटाकडं ओघळत होता. मी म्हटलं, “भाकर थंडी होऊन राह्यली.”

तिनं तुकडा परत ताटात ठेवला. रागानं नाही. उलट तिचे खांदे जरा सैल झाले, जसं काही मी योग्य तेच म्हणालो. तिनं ते ताट उचलून गंजात रिकामं केलं, हात धुतला, दुसरं ताट घेतलं आणि भाकर, ठेचा, कांदा घेऊन माझ्यापुढं बसली. म्हणाली, खा तुम्ही, मीठ बरोबर पडलंय. मी म्हटलं, तुला कसं कळलं. म्हणाली, मघाशी चाखताना तुमचा चेहरा पाहून. मग आम्ही जेवलो. तिनं गॅसच्या नंबराचं बोलणं काढलं, मी सोनाळ्याच्या त्या गिऱ्हाइकाला कसं गाठायचं ते सांगितलं. चांगली झाली होती कोंबडी. एवढी जून, पण चांगली झाली होती.

तुलाही मी म्हणालो होतो. आठवतं? मी मोठा झालो होतो, गॅरेज स्वतःचं झालं होतं, मला दोन पोरं हाताखाली होती. मी गुरुजींना घरी आणलं, त्यांनी सांगितलं की नवसाचं उद्यापन करता येतं, लेकरू मोठं झालं, फळ मिळालं, आता मोकळं व्हायला हरकत नाही. मी तुझ्यापुढं हात जोडले, भांडलो, पंगतीत सगळ्यांसमोर म्हणालो, माय, आता खा, मला काही होत नाही, बघ कसा बैलासारखा आहे मी. तू म्हणालीस सोडलं ते सोडलं, आणि भांडी उचललीस. लोक म्हणाले लेक असावा तर असा. मला अभिमान वाटला होता त्याचा, पुष्कळ वर्षं. आज जेवताना कळलं की तेव्हा मी एवढं मोठ्यानं का म्हणू शकलो. मला ठाऊक होतं, तू ऐकणार नाहीस.

ही ऐकणार होती.

तुला हे पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही, आणि पाठवता आलं असतं तरी तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. तू तिच्याच बाजूनं बोलली असतीस. म्हणाली असतीस, राहू दे, तिचं तिला करू दे, तुझं तू जग. तिनं तुकडा ताटात परत ठेवला तेव्हा माझा श्वास सुटला, माय, चांगला मोठा, बाहेर ऐकू जाईल एवढा. तिनं मान वर केली नाही. या ओळीखाली मी लिहिलं होतं की उद्या सकाळी तिला नक्की सांगतो, खा म्हणून. ते खोडलं.